पुसलेला वीर

संपादकांनी लेख मागितला तेव्हा फोटोही मागितले. कॉम्प्युटरवर इतिहास कसा शिकवता ते चित्रांसकट येऊ द्या, म्हणाले. चित्रं माझ्याकडे पुष्कळ आहेत. जुन्या नकाशांवर आजचे रस्ते बसवलेले आहेत, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या शेतांच्या जागा आहेत, म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकून आखलेल्या पायवाटा आहेत. पण माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम त्यात नाही. ते कुठेच नाही. ते आम्ही स्वतःच्या हाताने पुसलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे 'तो फोटो का छापला नाही' म्हणून कुणी संपादकांच्या मागे लागायला नको.

मी पुण्याहून जाऊन-येऊन पौडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होते. मुलांच्या हातातला मोबाइल काढून घेण्यात माझी अर्धी नोकरी गेली. मग एक दिवस डोकं फिरलं आणि म्हटलं, ठेवा हातात, पण आता याच्यावरच इतिहास करायचा. त्यातून मला तालुकाभर 'कॉम्प्युटरवाल्या इतिहासाच्या बाई' असं लांबलचक नाव पडलं आणि त्या नावामागून गिऱ्हाइकंही येऊ लागली.

त्यांतलं एक विसरता येत नाही. घोटावड्याच्या बाजूला प्लॉटिंग करणारे एक गृहस्थ स्टाफरूममध्ये येऊन बसले. म्हणाले, "मॅडम, आमच्या प्लॉटमधून महाराजांची वाट गेली होती, असं तुमच्या त्या नकाशावर येईल का? रेट चांगला मिळतो."

"गेली होती का?" मी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं ना!"

मी म्हटलं, पुरावा असेल तिथून रेघ जाते, प्लॉट असेल तिथून नाही. ते जराही ओशाळले नाहीत. "मग पुरावा कधीपर्यंत होईल?" म्हणाले. माझा चहा पिऊन गेले. त्या चहाचं मला अजून वाईट वाटतं.

लोकांची समजूत अशी की बटण दाबलं की इतिहास बाहेर पडतो. खरं म्हणजे यंत्राने काम वाढतं. आधी उन्हातान्हात फिरायचं ते फिरायचंच, वर घरी येऊन कॉम्प्युटरपुढे डोळे फोडायचे. पण काही गोष्टी त्याच्याशिवाय होत नाहीत, हेही खरं. एखाद्या कोरीव दगडाचे चहूबाजूंनी फोटो काढायचे, एकावर एक चढतील असे, अगदी इंचाइंचाने सरकत. कॉम्प्युटर ते जोडून पडद्यावर अख्खा दगड उभा करतो. तो फिरवता येतो, आणि त्याच्यावर पाहिजे त्या बाजूने उजेड टाकता येतो. झिजलेलं कोरीवकाम समोरच्या उजेडात दिसत नाही. तिरका उजेड टाकला की बारीकशा उंचवट्याचीही सावली पडते आणि पुसट झालेलं वर येतं.

या कामाचे माझे दोन नियम होते आणि ते मी मुलांकडून घोकून घ्यायचे. पहिला, एका जागी ठेवलेलं म्हणजे हरवलेलं. म्हणून तीन प्रती, तीन जागी. दुसरा, उघड्यावरच्या देवाची जागा नकाशावर जाहीर टाकायची नाही, चोर नकाशा वाचतात. या दुसऱ्या नियमामुळे इथेही गावाचं नाव देत नाही. मुळशीतलं आहे, धरणाच्या काठाला आहे, एवढं पुरे.

पहिल्या नियमाने मला कसं कोंडीत पकडलं, तीच ही हकीकत.

रेश्मा माझी विद्यार्थिनी. लग्नानंतर शिक्षण सुटलं होतं, ते मूल बालवाडीत गेल्यावर पुन्हा धरलेलं. वर्गातल्या पोरींपेक्षा वयाने मोठी, बोलायला कमी, हाताला चिकाटी. एकदा भर तासात तिचा फोन आला. ती त्या दिवशी गैरहजर होती.

"मॅडम, आमच्या वीरबानं खोळ टाकली. आत माणसं कोरलीयेत."

बाहेरच्या वाचकांना हे समजावून सांगायला हवं. वीरबा म्हणजे त्यांच्या गावाच्या वेशीवरचा, माणसाच्या छातीएवढा देव. पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवलेला शेंदूर थापून थापून त्याचा तांबडा गोळा झाला होता आणि त्या गोळ्याला चांदीचे दोन डोळे होते. शेंदराचा थर फार जाड झाला की कधीतरी आपोआप सुटून पडतो. त्याला देवाने खोळ टाकली असं म्हणतात. पडलेली खोळ वाजतगाजत पाण्यात सोडतात आणि देवाला नवा शेंदूर लावतात. शेजारी नव्या मंदिराचा पाया खणायला जेसीबी आणलेला, त्याच्या हादऱ्याने या वेळी खोळ सुटली होती.

आतून निघाला तो वीरगळ. लढाईत पडलेल्या माणसाची आठवण म्हणून पूर्वी असे दगड उभे करत. खालच्या चौकटीत तो पडलेला, मधल्या चौकटीत लढताना, वरच्या चौकटीत स्वर्गात, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. या दगडाच्या सूर्याचा कोपरा उडालेला होता. बाकी कोरीवकाम मी पाहिलेल्या कुठल्याही वीरगळापेक्षा ताजं होतं. शेंदराने ते पावसापासून, उन्हापासून आणि आमच्यासारख्यांपासून जपलं होतं.

पहिले फोटो आम्ही भर उन्हात काढले आणि कॉम्प्युटरने चावलेल्या बटाट्यासारखं काहीतरी जोडून दिलं. मी रेश्मावर उखडले, उन्हावर उखडले, स्वतःवरही उखडले. दुसऱ्या दिवशी तिने गल्लीतल्या बायका बोलावल्या. त्यांनी देवाच्या भोवती लुगडी ताणून धरली, अंघोळीला आडोसा धरतात तशी. त्या सावलीत रेश्मा दगडाभोवती गुडघ्यांवर सरकत फोटो काढत राहिली. ती दगडाला हात न लावता फोटो काढत होती, कारण त्या दगडाला पहिला हात वरच्या धनगरवाड्यावरच्या ढेब्यांच्या घराचा. शेंदूर असो की दुसरं काही, आधी त्यांनी लावायचा, मग गावाने. असा मान होता.

कॉलेजात पडद्यावर वीर उभा राहिला तेव्हा आम्ही दोघीच होतो. मी उजेड डावीकडून आणला, वरून आणला. रेश्माने माझ्या हातातून माउस घेतला आणि उजेड पार खाली, जमिनीलगत नेला. वीराच्या पायाशी एक आकार वर आला. आधी कान, मग पाठ, आणि मग वळवून वर घेतलेलं शेपूट.

"कुत्रं," रेश्मा म्हणाली.

नुसत्या डोळ्यांनी तिथे खडबडीत दगडाशिवाय काही दिसत नव्हतं. कुत्र्यामागे आणखी चार पायांचे पुसट आकार होते. ती मेंढरं की वासरं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण कुत्रं होतं यात शंका नाही. कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी, धन्याबरोबर मेलेल्या कुत्र्यालाही दगडात जागा दिली होती. मला भरून आलं. रेश्मा तर उजेड पुन्हा पुन्हा खालीवर करून ते शेपूट बघत बसली. तिने एका संग्रहालयातल्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता आणि स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून हेच द्यायचं ठरलं. त्यांचं मुलाखतीचं बोलावणंही आलं.

तीन प्रती केल्या. एक तिच्या लॅपटॉपवर, एक कॉलेजच्या हार्ड डिस्कवर, एक इंटरनेटवरच्या साठ्यात. फोटो काढत होतो त्या दिवशी तिचे सासरे बघायला आले होते, तेव्हा उत्साहाच्या भरात मी त्यांना म्हटलं होतं, "तात्या, तुमचा वीर आता कायमचा राहील बघा."

तात्या म्हणजे देवस्थान समितीचे अध्यक्ष. नवं सिमेंटचं मंदिर त्यांच्याच पुढाकाराने उभं राहत होतं. कामाला लागून गाव सोडलेल्या पोरांनी वर्गणी दिली होती, संगमरवरी मूर्ती येऊन पडली होती, चैत्रातली जत्रा तोंडावर आली होती. मधेच ही खोळ पडली आणि देव कोपरा तुटलेला निघाला. भग्न देव पुजायचा नसतो, तो पाण्यात सोडायचा असतो, असं तात्यांचं म्हणणं होतं. गाव मात्र बिचकत होतं. वीरबाला धरणात टाकायचं कुणाच्या जिवावर येत होतं. त्यामुळे देव कापडाखाली झाकून ठेवलेला होता आणि निर्णय अडून बसला होता.

तो आमच्यामुळे सुटला. रेश्माने घरी सगळ्यांना वीर फिरवून दाखवला. दोन दिवसांनी माझ्या मोबाइलवर एक रंगीत फलक येऊन पडला. वर फुलांच्या माळा, मध्ये शेंदरातल्या वीरबाचा जुना फोटो, खाली मोठ्या अक्षरांत: 'श्री वीरबा डिजिटल दर्शन सोहळा व पुरातन शिळा विसर्जन'. आणि त्याच्याखाली, 'विशेष सौजन्य' म्हणून माझं नाव.

मी तशीच गाडी काढली आणि तात्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बाई, तुमी आमचं लई मोठं काम केलंत."

"मी काहीही केलेलं नाही. तो नुसता फोटो आहे तात्या. दगड एकदा खोल पाण्यात गेला की परत येत नाही."

"पण त्यो हितं उघड्यावर होता. तुमच्यात तीन-तीन ठिकाणी जपून ठिवलाय म्हणं. आता टीव्ही लावायचा मंडपात, त्यात फिरतोय चारी बाजूंनी. लोकं म्हणाली, आसं आसंल तर न्हाई कोण म्हणतंय!" मग त्यांनी हात जोडले. "आन् तुमीच म्हणलावता, वीर कायमचा राहील."

मी म्हणाले होते. मी तावातावाने बोलत राहिले आणि ते शांतपणे ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "भग्न देव दारात ठिवला आन् उद्या गावात काय वाईटवंगाळ झालं, तर नाव माझं हुईल, बाई. तुमी पुण्याला जाल." माणूस लबाड नव्हता, घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसाशी भांडण जिंकता येत नाही.

पौडच्या सरकारी कचेरीत चौकशी केली. हा दगड संरक्षित वस्तूंच्या कुठल्याच यादीत नव्हता, त्यामुळे कुठल्याच नियमात बसत नव्हता. जत्रा जवळ येत होती. एकच धागा उरला होता. दगड हलवायचा तरी पहिला हात ढेब्यांचा लागणार होता. मी धनगरवाड्यावर चढून गेले.

धाकलूबाबा ढेबे वाघरेला टेकून बसले होते. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. त्यांनी आधी माझी धाप खाली बसू दिली.

"तात्या येऊन गेला," मग ते म्हणाले. "हात लावा म्हणतुया. मी म्हणलं बघू. आता तुमी आलाव. येक सांगा बाई, त्यो वीर तुमच्या त्या यंत्रात जाऊन बसलाय का?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी तो समजावून दिला. त्यांच्यात माणूस गेला की त्याचा चांदीचा टाक करतात. लहानसा पत्रा, त्याच्यावर उठवलेली आकृती. टाक देवघरात ठेवला की गेलेला माणूस त्यात येऊन बसतो. मग तो दुसरीकडे भटकत नाही.

"तसा तुमी वीराचा टाक केला न्हवं? मंग वीर टाकात गेला. आन् टाकात गेला आसंल, तर दगुड रिकामा. रिकामा दगुड पाण्यात टाकला काय न् वाटंवर टाकला काय."

"टाक नाही हो बाबा. फोटो आहे."

"फोटूला बी हार घालत्यातच की."

मी पिक्सेल सांगितले, उजेड सांगितला, त्या उजेडात दिसलेलं कुत्रं सांगितलं, त्या यंत्रात नुसते आकडे असतात हे सांगितलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात वाईट व्याख्यान असेल. धाकलूबाबांनी ते निमूट ऐकून घेतलं.

"तुमी शिकलेल्या हायसा. तुमच्यापाशी काय आसंल ते आसंल. पर वीर दोन जागी ऱ्हात न्हाई. जवर ते यंत्रात हाय, तवर लोकं म्हणणार, हाय की तितं. ते पुसा. समद्यांच्या म्होरं पुसा, आन् कुटंच न्हाई म्हणून बेलभंडारा उचला. मंग मी दगडावर हात ठिवतो. बघू कोण हलवतंय."

बेलभंडारा उचलणं म्हणजे बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन शपथ वाहणं. मी काही देवभोळी नाही. उतरताना अर्ध्या वाटेपर्यंत मी स्वतःशी हेच म्हणत होते की पानाला हात लावायचा आणि प्रत ठेवायची, कुणाला कळतंय. उरलेल्या वाटेवर मला रेश्मा आठवत होती. प्रत तिची होती, पुसायचा अधिकार माझा नव्हताच.

तिला सांगितलं तेव्हा ती भडकली. मी तिला कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं.

"माझंच का, मॅडम? मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. मी काय दाखवू तिथं? आणि घरात तात्यांच्या विरोधात सगळ्यांसमोर उभी राहू? तुम्ही जाल घरी. मला तिथंच राहायचंय."

सासऱ्यांनी म्हटलं तेच सुनेने म्हटलं. दोघांचंही खरं होतं. मी तिला काहीही गळ घातली नाही. एवढंच म्हटलं की तू ठरव, आणि नको म्हणालीस तर मीही तुझ्याच बाजूने आहे. ते म्हणताना मला आतून रडू येत होतं. ती दप्तर उचलून निघून गेली.

विसर्जनाच्या सकाळी मी गावात पोचले तेव्हा ट्रॅक्टर तयार होता. ट्रॉलीत पेंढा अंथरलेला, वीराच्या भोवती दोर पडलेले, वाजंत्री झाडाखाली चहा पीत बसलेली. मंडपात मोठा टीव्ही लावला होता आणि त्याला रेश्माचा लॅपटॉप जोडला होता. पडद्यावर आमचा वीर संथपणे फिरत होता आणि बायका त्याला हात जोडत होत्या. रेश्मा लॅपटॉपशी पदर घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी बोलले, तळमळून बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दोर उचलायला माणसं पुढे झाली. भाषणाने काही होत नाही हे मला तीस वर्षं वर्गात कळत होतंच.

तेवढ्यात धाकलूबाबा आले. हातात पितळेची ताटली, तीत बेलाची पानं आणि भंडारा. दोरवाले आपोआप मागे सरले.

"मी इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई," ते म्हणाले आणि टीव्हीकडे बोट केलं. "बाई, वीर तितं हाय का हितं?"

"इथं," मी म्हटलं. "तिथं नुसतं चित्र आहे."

"मंग पुसा."

तात्या उठले. "धाकलूबाबा, सगळं ठरलंय आता. वेळ जातोय." पण त्यांचा आवाज पुरता निघाला नाही, कारण रेश्मा उभी राहिली होती.

तिने सासऱ्यांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. खाली वाकून तिने काहीतरी दाबलं. पडद्यावरचा फिरणारा वीर थांबला आणि त्याच्या छातीवर एक पांढरी चौकट आली. चौकटीत इंग्रजी अक्षरं होती.

"काय लिवलंय?" मागून कुणीतरी विचारलं.

"कायमचं पुसायचं का, असं विचारतंय," रेश्मा म्हणाली.

तिचं बोट तसंच थांबलं. मला वाटलं, आता नाही दाबणार. आणि खरं सांगते, न दाबावं असंच मला त्या क्षणी वाटत होतं. मग तिने दाबलं. पडदा निळा झाला. मग तिने इंटरनेटवरचा साठा उघडला, तिथलंही पुसलं, कचऱ्याच्या पेटीतलंही पुसलं. न जाणो, लागली तर म्हणून कॉलेजची हार्ड डिस्क मी बरोबर आणली होती. ती जोडून तिथलं मी पुसलं.

धाकलूबाबांनी ताटली माझ्यापुढे धरली. "उचला. कुटंच न्हाई म्हणा."

पानाकडे गेलेला हात मधेच थांबला. माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात कॉलेजच्या कॅमेऱ्याचं कार्ड होतं. पहिल्या दिवशीचे आणि दुसऱ्या दिवशीचे सगळे मूळ फोटो त्यात होते. त्यावरून वीर पुन्हा उभा करता आला असता. ते कार्ड तिथे आहे हे मला पक्कं माहीत होतं. हार्ड डिस्क घेताना मी ते मुद्दाम पर्समध्येच राहू दिलं होतं. दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे, एका जणीला होतं. कार्ड कॅमेऱ्यातून काढून तिनेच माझ्या हातात दिलं होतं. ती आता माझ्याकडे बघत होती.

मी पर्स उघडली आणि कार्ड ताटलीत, हळदीवर ठेवलं. मग पान उचललं आणि म्हटलं, "आता कुठंच नाही."

धाकलूबाबा तिथून हलले नाहीत. त्यांनी ताटली सरळ तात्यांपुढे नेली. "तुमी अध्यक्ष. तुमी बी उचला."

तात्यांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. ते पुन्हा पुढे करायला गेले आणि थांबले. धरणात देव सोडायला निघालेला तो माणूस बेलाच्या पानापुढे उभा होता आणि त्याच्याने खोटं बोलवत नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. टीव्ही बसवणाऱ्याने करून दिलेला पेनड्राइव्ह काढला, ताटलीत टाकला आणि मग पान उचललं. कुणी हसलं नाही.

धाकलूबाबांनी कार्ड आणि पेनड्राइव्ह पायरीवर ठेवून दगडाने चेचले. मग चालत वीराकडे गेले, कापड काढलं आणि उडालेल्या सूर्याच्या कोपऱ्यावर तळहात ठेवून उभे राहिले.

"ह्यो हितंच हाय," ते म्हणाले. "ज्याला उचलायचाय त्येनं माझ्यासकट उचला."

कुणी पुढे झालं नाही. वाजंत्र्यांनी कप खाली ठेवले. थोड्या वेळाने ट्रॅक्टरवाला रिकामी ट्रॉली घेऊन निघून गेला. मग गावाने आपसांत बरंच बोलून तोडगा काढला: नव्या मंदिरात संगमरवरी मूर्ती बसेल, आणि वीरबा आपल्या जागी, वेशीवर, चौथऱ्यासकट राहील. तात्यांनी मान हलवली. मला तर असं वाटलं की त्यांच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. मात्र सुनेशी ते पुढचे कित्येक दिवस बोलले नाहीत.

रेश्माची मुलाखत झाली. तिने दुसरं एक काम दाखवलं, ते साधंच होतं. तिची निवड झाली नाही. आता ती माझ्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर माझाच विषय शिकवते आणि तीन प्रतींचा नियम पोरांकडून माझ्यापेक्षा कडकपणे घोकून घेते, असं ऐकते. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी एवढी हळहळले नसते. एका दगडासाठी मी एका मुलीचं काय घालवलं, याचा हिशेब मला अजून सुटत नाही.

विसर्जन टळलं त्याच दुपारी वीरबाला शेंदूर चढला. धाकलूबाबांनी परातीत शेंदूर आणि तेल कालवलं. तांबड्या बोटांनी ते दगडापुढे बसले आणि एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, ते कुत्रं कुटंशी हाय म्हणलाव?"

मी लांबूनच दाखवलं.

"आसं न्हाई कळत. बोट ठिवा."

"पहिला हात तुमचा ना?"

"मी सांगतोय न्हवं. ठिवा."

मी खाली बसले. उघड्या डोळ्यांना तिथे काही दिसत नव्हतं, पण बोटाखाली कान लागला, मग पाठ लागली. मी बोट उचललं आणि बरोबर त्या जागी त्यांनी शेंदराचं पहिलं बोट टेकवलं. मग तळहाताने दगडाचा तो भाग भरत गेला. वीर, घोडे, तलवारी, चंद्र, सगळं तांबड्याखाली जाऊ लागलं. मी बघत उभी होते. आता माझ्या हयातीत तरी हे कुणाला दिसणार नाही, आणि दिसलं नाही म्हणूनच टिकेल, हे मला कळत होतं, आणि तरी माझे डोळे वाहत होते.

रेश्मा केव्हा येऊन शेजारी उभी राहिली ते मला समजलं नाही. सकाळपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती पुढे वाकली, दगडाच्या तळाशी बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, शेपूट राह्यलं."

धाकलूबाबांनी बोट पुन्हा परातीत बुडवलं आणि तिने दाखवल्या जागेवरून फिरवलं.